लिनक्स मिंट: पासवर्ड बरोबर तरी आत घेत नाही, आणि साफ केलेली डिस्क परत फुल्ल

आधी लक्षणं बघा, जुळली तरच पुढे वाचा, नाहीतर उगाच भलतीकडे शोधत बसाल.

पासवर्ड टाकला, एंटर मारलं, स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि परत तीच लॉगिनची स्क्रीन. पासवर्ड चुकला असं कुठेही म्हणत नाही, नुसतं दारातून परत पाठवतं. किंवा आत घेतं पण फायरफॉक्स आधीचे टॅब विसरलेलं असतं. लिब्रे ऑफिसमध्ये सेव्ह करताना एरर येते, किंवा सेव्ह झाल्यासारखं वाटतं आणि नंतर बघावं तर फाईल शून्य बाईटची. अपडेट मॅनेजर अर्ध्यात अडकतो. टर्मिनलमध्ये काही केलं की 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. आणि याच्या आधी काही दिवस कोपऱ्यात डिस्कमध्ये जागा कमी आहे अशी सूचना येत असते, जी घरातला प्रत्येक जण इमानदारीत फुली मारून बंद करत असतो.

सगळ्यात महत्त्वाचं लक्षण म्हणजे हे आधीही झालेलं असतं. कोणीतरी येऊन डाउनलोड्समधले चार पिक्चर उडवून गेलं, मशीन चाललं, आणि थोड्या दिवसांनी परत तेच.

माझ्याकडे नातेवाईक, ओळखीचे आणि एका वाचनालयाची जुनी मशीनं असं सगळं येतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हापासून तर 'आमच्याही पीसीवर ते लिनक्स टाकून दे ना' ची रांगच लागलीय, आणि टाकून दिल्यावर जे फोन येतात त्यात हा फोन सगळ्यात जास्त. फोनवर कमांड सांगायची सवय झाल्यामुळे इथेही तशाच बोलल्यासारख्या देवनागरीत लिहितोय. टाईप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं, सगळी लहान लिपीतली, जिथे मोठं अक्षर लागतं तिथे सांगेन. डॅश म्हणजे आडवी रेघ. आणि स्पेस नीट द्या, निम्म्या कमांड स्पेसमुळे फसतात.

असं का होतं ते दोन ओळीत. लॉगिन झाल्या झाल्या सिस्टीमला तुमच्या होम फोल्डरमध्ये एक-दोन छोट्या फाईली लिहायच्या असतात, तेवढीही जागा नसली की सेशन तिथेच मरतं आणि तुम्ही परत दारात. जागा संपायचं मूळ बहुतेक वेळा इन्स्टॉलच्या वेळचंच असतं. मिंटवाले स्वतः किमान २० जीबी म्हणतात आणि शिफारस १०० जीबीची करतात, पण विंडोजच्या शेजारी टाकताना लोक जीव मुठीत धरून २५-३० जीबी देतात. त्यात हळूहळू फुगणाऱ्या चार-पाच गोष्टी आहेत, खाली त्यांच्याकडेच जायचंय. जागा मोकळी करणं दहा मिनिटांचं काम आहे. कोण भरतंय ते सापडलं नाही तर मात्र पुढच्या वेळी परत मलाच फोन.

फुकटातली तपासणी: डिस्क खरंच भरलीय का

आत जाता येत नसेल तर लॉगिन स्क्रीनवरच कंट्रोल, आल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काळी स्क्रीन येईल, तिथे युजरचं नाव आणि पासवर्ड टाका. पासवर्ड टाईप करताना काहीच दिसत नाही, टिंबंसुद्धा नाहीत, घाबरू नका, ते तसंच असतं. इथे जर पासवर्ड चुकीचा म्हणाला तर तुमचा प्रॉब्लेम वेगळा आहे. मराठी टायपिंगसाठी कीबोर्डचा लेआउट बदललेला असतो आणि लॉगिन स्क्रीनवर तोच राहतो, असंही होतं, तिथे पॅनलवर भाषेचं चिन्ह दिसतंय का ते बघा.

आत गेलात की

डीएफ डॅश एच

त्यात फक्त ती ओळ बघा जिच्या शेवटी नुसता एकटा स्लॅश आहे. टक्केवारी १०० किंवा ९९ असेल तर बरोबर जागी आलात. बाकी ओळींकडे बघून दचकू नका. उबुंटूवर लूप नावाच्या बऱ्याच ओळी कायम १०० टक्के दिसतात, त्या स्नॅप नावाच्या प्रोग्रॅम-पॅकेजच्या असतात, वाचण्यापुरत्याच असतात, त्या भरलेल्याच राहणार.

अजून एक गोष्ट लोक विचारतात की एकूण ३० जीबी, वापरलेली २८ च्या आसपास, मग शिल्लक शून्य कशी? ईएक्सटी४ फाईल सिस्टीम (लिनक्सची डिस्कवर फाईली मांडायची पद्धत) साधारण ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य युजरसाठी, राखून ठेवते. ती राखीव जागा आहे म्हणूनच डिस्क भरली तरी या काळ्या स्क्रीनवरून सुडो (एसयूडीओ, म्हणजे 'ही कमांड रूटच्या अधिकाराने चालव') लावून साफसफाई करता येते. ती जागा कमी करायचे उपाय नेटवर मिळतील, सिस्टीमच्या पार्टिशनवर (डिस्कच्या ज्या भागात लिनक्स बसलंय त्यावर) ते करू नका, अडचणीच्या वेळचा तोच एक दरवाजा आहे.

ज्यांनी इंटरफेस मराठीत ठेवलाय त्यांच्यासाठी एक. या काळ्या स्क्रीनवर देवनागरी उमटत नाही, चौकोन किंवा शंकरपाळे दिसतात. कमांडच्या आधी एलएएनजी मोठ्या अक्षरात, मग बरोबरचं चिन्ह, मग मोठा सी, मध्ये स्पेस नाही, आणि मग एक स्पेस देऊन कमांड, म्हणजे उत्तर इंग्रजीत येतं.

डिस्क भरलेली नसेल तर इथेच थांबा. लॉगिन असं फिरत राहायचं दुसरं कारण म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर, विशेषतः एनव्हिडियाचं कार्ड असेल आणि नुकतंच अपडेट झालं असेल तर. त्याचा या पोस्टशी संबंध नाही.

आणि एक खोटा अलार्म. विंडोजच्या पार्टिशनवरून मराठी नावाची फाईल कॉपी करताना एरर आली की लोक म्हणतात डिस्क फुल्ल. तिथे एरर नीट वाचा. ईएक्सटी४ वर फाईलच्या नावाला २५५ बाईटची मर्यादा आहे आणि देवनागरीचं एक अक्षर ३ बाईट खातं, काना-मात्रा वेगळ्या मोजून. म्हणजे 'आजीच्या पंच्याहत्तरीचे फोटो आणि सर्वांनी केलेली भाषणं' याच्या दुप्पट लांबीचं नाव विंडोजवर चालतं आणि इथे अडतं. नाव लहान करा, झालं.

आत शिरण्यापुरती जागा

सुडो एपीटी क्लीन

अपडेट करताना उतरवलेली पॅकेजं इन्स्टॉल झाल्यावरही एका फोल्डरमध्ये पडून राहतात, ती उडतात. यात काहीही बिघडत नाही, लागलंच तर परत डाउनलोड होतं. म्हणून हे पहिलं. मग मशीन रीस्टार्ट करा, बहुतेक वेळा आत शिरता येतं.

आत गेल्यावर ट्रॅश रिकामा करा. हसू नका. डिलीट दाबलं की फाईल ट्रॅशमध्ये जाते, डिस्कवरून जात नाही, आणि 'मी सगळे व्हिडिओ उडवले तरी जागा होत नाही' याचं उत्तर निम्म्या वेळा तेवढंच असतं. यातला एक कोपरा मात्र भल्याभल्यांना माहीत नसतो. फाईल मॅनेजर रूट म्हणून उघडून काही डिलीट केलं असेल, तर ते रूटच्या स्वतःच्या ट्रॅशमध्ये जातं, तुमच्या डेस्कटॉपवरच्या ट्रॅशमध्ये दिसतही नाही आणि जागा अडवून बसतं. सापडतं ते स्लॅश रूट नावाच्या फोल्डरच्या आत, डॉट लोकल, शेअर, ट्रॅश (यातला टी मोठा) असं.

काळ्या स्क्रीनपर्यंतही पोचता येत नसेल तर मशीन चालू होताना एस्केप, जुन्या बायोसवाल्या मशीनवर शिफ्ट दाबून ग्रबचा मेनू (कोणती सिस्टीम चालू करायची ते विचारणारा) आणा, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये रिकव्हरी मोड निवडा, तिथे 'क्लीन' नावाचा पर्याय असतो, तो जागा करायचा प्रयत्न करतो.

आता खरा गुन्हेगार

माझ्या अनुभवात पहिला संशयित टाईमशिफ्ट, म्हणजे सिस्टीमच्या कॉप्या (स्नॅपशॉट) काढून ठेवणारा प्रोग्रॅम. मिंट टाकल्या टाकल्या वेलकम स्क्रीनच सांगते की स्नॅपशॉट चालू करा, आणि सल्ला चांगलाच आहे, पण एकच पार्टिशन असेल तर स्नॅपशॉट त्याच पार्टिशनवर साठतात. पहिला स्नॅपशॉट म्हणजे जवळजवळ अख्ख्या सिस्टीमची कॉपी. पुढच्यांमध्ये फक्त बदललेल्या फाईलींची भर पडते, न बदललेल्या फाईली हार्ड लिंकने (फाईल एकच, नावं अनेक) सामायिक असतात. ३० जीबीच्या पार्टिशनवर हे काय करणार ते सांगायला नको. त्यात कोणी सेटिंगमध्ये होम फोल्डरही सामील केला असेल तर मग लग्नाच्या व्हिडिओची पण कॉपी.

टाईमशिफ्ट उघडा, यादी बघा, जुने स्नॅपशॉट तिथूनच डिलीट करा. फाईल मॅनेजरमधून तो फोल्डर उडवू नका, वर सांगितलेला रूटच्या ट्रॅशचा घोळ बहुतेक इथूनच सुरू होतो. एक स्नॅपशॉट उडवला आणि जागा जेमतेम काहीशे एमबीच वाढली तर वैतागू नका, सामायिक फाईली शेवटचा मालक जाईपर्यंत जात नाहीत, दोन-तीन उडवल्यावर फरक दिसतो. मग शेड्यूलमध्ये जाऊन आठवड्याचे २ एवढंच ठेवा, रोजचे आणि बूटच्या वेळचे बंद. सगळ्यात उत्तम म्हणजे वेगळ्या डिस्कवर ठेवणं, पण ती डिस्क ईएक्सटी४ सारखी लिनक्सची लागते, पेन ड्राईव्हवरचं फॅट किंवा एनटीएफएस चालत नाही.

दुसरा संशयित जुने कर्नल (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा). कर्नलच्या प्रत्येक अपडेटला नवीन कर्नल येतो आणि जुना बसून राहतो, एकेक काहीशे एमबीचा.

सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह

इथे वाय दाबण्याआधी यादी वाचा. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि कोणी वाचत नाही. यादीत लिनक्स-इमेज, लिनक्स-हेडर्स, लिनक्स-मॉड्यूल्स असं दिसलं तर ठीक. सिनॅमन (मिंटचा डेस्कटॉप) किंवा तुम्ही रोज वापरता तो प्रोग्रॅम दिसला तर एन दाबा आणि विचारा कोणाला तरी. मिंटमध्ये हेच काम माऊसने अपडेट मॅनेजरच्या व्ह्यू मेनूमधल्या लिनक्स कर्नल्समधून होतं, आणि प्रेफरन्सेसमधल्या ऑटोमेशनमध्ये जुने कर्नल आपोआप काढायचं बटण आहे, ते चालू करून टाका म्हणजे हा विषय कायमचा मिटला. चालू असलेला कर्नल आणि त्याच्या आधीचा एक ठेवा, नवीन रुसला तर जुन्याने बूट करता येतं. बूट फोल्डरमध्ये हाताने फाईली डिलीट करणं मात्र अजिबात नाही, पॅकेज मॅनेजरला वाटतं त्या आहेत आणि पुढचं प्रत्येक अपडेट तिथे ठेचकाळतं.

तिसरा म्हणजे लॉग, सिस्टीम आपल्या नोंदी लिहिते त्या फाईली, आणि हा सगळ्यात लबाड. कारण तो महिनोन् महिने शांत असतो आणि एक दिवस काहीतरी बिनसलं की एका रात्रीत अनेक जीबी लिहून टाकतो. 'काल १२ जीबी मोकळी होती, आज शून्य' असं कोणी म्हटलं की मी बाकी काही न विचारता थेट इथे येतो.

सुडो डीयू डॅश एसएच स्लॅश व्हीएआर स्लॅश लॉग

दोन-तीन जीबीच्या वर असेल तर आत काय फुगलंय बघा, बहुतेक सिसलॉग किंवा कर्न डॉट लॉग. आता इथे ती फाईल उडवायची घाई नको, आधी तिची शेपटी बघा:

सुडो टेल डॅश एफ स्लॅश व्हीएआर स्लॅश लॉग स्लॅश सिसलॉग

स्क्रीनवर तीच ओळ धडाधड वर सरकताना दिसेल, वेळ तेवढी बदलते, बाकी अक्षर न अक्षर तेच. कंट्रोल-सी दाबून थांबवा आणि ती ओळ फोनने फोटो काढून ठेवा, सगळं उत्तर त्या ओळीत आहे. काही लॅपटॉपवर 'पीसीआयई बस एरर, सिव्हिरिटी करेक्टेड' अशी ओळ सेकंदाला कितीदा तरी येते. हार्डवेअर म्हणतंय की चूक झाली होती पण मी सुधारली, आणि हे ते दिवसभर सांगत बसतं. बरेचदा वायफाय कार्डाची आणि पॉवर सेव्हिंगची कटकट असते. कर्नल किंवा बायोस अपडेटने जातं कधी कधी, नाहीतर ग्रबमध्ये पीसीआय=नोएईआर हा पर्याय टाकला की ओरडणं थांबतं. पण ते तोंड दाबणंच आहे, मूळ कारण तसंच राहतं, म्हणून करेक्टेड शब्द नसेल तर हा उपाय करू नका. डिस्कचं नाव आणि आय-ओ एरर दिसली तर हे सगळं सोडून सरळ शेवटच्या भागाकडे जा.

लॉग रिकामा करायचा तो असा:

सुडो ट्रंकेट डॅश एस ० स्लॅश व्हीएआर स्लॅश लॉग स्लॅश सिसलॉग

डॅश एसच्या पुढे शून्य, आकडा. आरएमने (फाईल उडवायची कमांड) का नाही? कारण ती फाईल लॉग लिहिणाऱ्या प्रोग्रॅमने उघडून धरलेली असते, उडवली तरी त्याने सोडेपर्यंत जागा सुटत नाही. फाईल दिसेनाशी होते, डिस्क तेवढीच भरलेली, आणि तुम्ही डोकं धरून.

सिस्टमडी (मशीनवरच्या सेवा चालू-बंद करणारा प्रोग्रॅम) ठेवतो तो लॉग, म्हणजे जर्नल, वेगळा असतो. त्याला न सांगितल्यास तो डिस्कच्या १० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त ४ जीबी, घेतो. जर्नल-सीटीएल एकत्र लिहून पुढे दोन डॅश, व्हॅक्यूम डॅश साईझ बरोबर २००एम, यातला एम मोठा, आणि सुरुवातीला सुडो. एवढ्याने तो दोनशे एमबीवर येतो.

बाकीची चिल्लर पटकन. फ्लॅटपॅक (प्रोग्रॅम टाकायची एक वेगळी पद्धत) वापरत असाल तर 'फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल', पुढे दोन डॅश आणि अनयूज्ड, प्रोग्रॅम काढला तरी त्याचे रनटाईम (त्याला लागणाऱ्या सामायिक फाईली) मागे राहतात ते जातात. होममध्ये डॉट कॅशमध्ये थंबनेल्स आणि ब्राऊझरचं साठलेलं असतं, उडवलं तरी चालतं, पण ते परत भरणारच, त्यामुळे त्याच्यात जीव अडकवू नका. ब्लीचबिट वगैरे सफाईवाले प्रोग्रॅम लोक रूट म्हणून चालवून सगळ्या चौकटींवर टिक मारतात, ते मला आवडत नाही, काय गेलं ते नंतर कळत नाही.

तरी हिशोब लागत नसेल तर

मेनूमधून डिस्क युसेज अ‍ॅनालायझर उघडा, चकतीसारखं चित्र काढून देतं, कुठला फोल्डर फुगलाय ते घरातल्या कोणालाही कळेल. पण ते तुमच्या युजरला दिसतं तेवढंच मोजतं. पूर्ण हिशोबासाठी एनसीडीयू इन्स्टॉल करा आणि

सुडो एनसीडीयू डॅश एक्स स्लॅश

यातला डॅश एक्स विसरू नका, त्याने मोजणी त्याच पार्टिशनपुरती राहते, नाहीतर विंडोजचं पार्टिशन आणि लावलेला पेन ड्राईव्ह सगळं एकत्र मोजून भलताच आकडा येतो.

आता डीएफ म्हणतंय २८ जीबी वापरात आणि एनसीडीयूला १९ च सापडतायत, असं झालं तर दोनच शक्यता. एक, वर सांगितलं तसं उडवलेली पण कोणीतरी धरून ठेवलेली फाईल, मशीन रीस्टार्ट करा, सुटते. दुसरी जास्त मजेशीर आहे. बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घेणारी स्क्रिप्ट लावलेली असते, डिस्क एके दिवशी लावलेलीच नसते, स्क्रिप्ट बिचारी त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे तुमच्या मुख्य डिस्कवर, सगळं ओतते. नंतर डिस्क लावली की ती त्या फोल्डरच्या वर बसते आणि खालचं झाकलं जातं, कोणालाच दिसत नाही. बाहेरची डिस्क अनमाउंट (सुरक्षितपणे वेगळी) करून तोच फोल्डर उघडून बघा, रिकामा हवा.

डीएफ डॅश आय पण एकदा बघून घ्या. जागा आहे पण आयनोड (प्रत्येक फाईलमागे लागणारी एक नोंद) संपले, म्हणजे लाखो बारक्या फाईली झाल्यात, असं घरच्या मशीनवर क्वचित होतं, पण झालं तर एरर तीच 'नो स्पेस लेफ्ट' येते म्हणून सांगितलं.

इथे थांबा

वरचं सगळं करूनही १५ टक्के जागा मोकळी राहत नसेल तर पार्टिशनच लहान आहे, ते मोठं करावं लागेल. हे काम लाईव्ह पेन ड्राईव्हवरून (ज्यावरून इन्स्टॉल न करता लिनक्स चालतं) जीपार्टेड या प्रोग्रॅमने होतं, पण आधी बॅकअप, आणि बॅकअप म्हणजे दुसऱ्या डिस्कवर, त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर नाही. पार्टिशनची सुरुवात सरकवायची असेल तर सगळा डेटा हलतो, तासन् तास लागतात, आणि मध्येच लाईट गेली तर सिस्टीम आणि डेटा दोन्ही गेलं. डेस्कटॉपला यूपीएस नसेल आणि तुमच्याकडे लाईटचा भरवसा नसेल तर हात लावू नका. विंडोजचं पार्टिशन लहान करायचं ते विंडोजमधूनच, आणि त्यावर बिटलॉकर (विंडोजचं एन्क्रिप्शन) चालू असेल किंवा लिनक्सची डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर जाणकाराला बसवूनच करा.

एरर जर 'नो स्पेस' ऐवजी 'रीड-ओन्ली फाईल सिस्टीम' अशी असेल, लॉगमध्ये आय-ओ एरर असेल, डिस्कमधून टक टक आवाज येत असेल, तर प्रश्न जागेचा नाहीच, डिस्क मरतेय. मेनूमधल्या डिस्क्स प्रोग्रॅममध्ये वरच्या तीन टिंबांत स्मार्ट डेटा (डिस्कच्या तब्येतीचे आकडे) बघता येतो, त्यात रीअलोकेटेड सेक्टर आणि करंट पेंडिंग सेक्टर यांचे आकडे शून्य नसतील आणि वाढत असतील तर साफसफाई बंद. चालू पार्टिशनवर एफएससीके (फाईल सिस्टीम तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवू नका, त्याने उरलंसुरलंही जाऊ शकतं. अजून वाचता येतंय तोवर महत्त्वाच्या फाईली बाहेर काढा आणि नवी डिस्क घ्या. वाचताच येत नसेल आणि आत एकमेव कॉपी असलेलं काही असेल तर मशीन बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. नेहमीच्या रिपेअरवाल्याकडे टाकणार असाल तर 'फॉरमॅट करू नका' हे तोंडी सांगून भागत नाही, कागदावर लिहून मशीनला चिकटवा.

कोणालाही फोन करण्याआधी तीन फोटो तयार ठेवा: डीएफ डॅश एचचं उत्तर, एररची पूर्ण ओळ, आणि टाईमशिफ्टची यादी. मशीन किती जुनं, रॅम किती हे नंतर विचारलं तर सांगा.